चिनी अक्षरांतला कोड हाती आला तर

तैवानच्या पुरवठादाराकडून आलेल्या पायथन आणि सी कोडमध्ये व्हेरिएबलची नावं चिनी अक्षरांत आहेत. हे चालतं कसं आणि सगळं इंग्रजीत करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता 'मग मराठीत का नाही?' हेही.

चालतं, आणि बऱ्याच वर्षांपासून चालतं. जावाने युनिकोडची (जगातल्या लिप्यांच्या सामाईक यादीतली) अक्षरं नावांत पहिल्यापासून घेऊ दिली. पायथनमध्ये ही मुभा ३.० पासून, म्हणजे २००८ पासून आहे. रस्टने ती २०२१ मध्ये दिली. सीसाठी जीसीसी हा कंपाइलर (कोड संगणकाच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) वापरत असाल तर आवृत्ती १० किंवा पुढची घ्या, त्याआधीच्या थेट लिहिलेली अशी नावं घेत नाहीत. पायथनच्या लेखी चिनी अक्षर हे ए-बी-सीसारखंच एक अक्षर. अगदी 'तीन' या अर्थाचं चिनी चिन्हसुद्धा अक्षरातच मोडतं, त्यामुळे त्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये पाच ठेवले तरी पायथन हूं की चूं करत नाही.

इंग्रजीत करून घेऊ नका. पुरवठादाराची पुढची आवृत्ती आली की ती तुमच्या कोडमध्ये मिसळताना (मर्ज करताना) नाकी नऊ येतील, आणि त्यांच्या माणसाशी फोनवर बोलताना तुम्ही कुठल्या फंक्शनबद्दल बोलताय हेच त्याला कळणार नाही. नावांची एक यादी करून शेजारी मराठी किंवा इंग्रजी अर्थ लिहून ठेवा, बस्स. कोड कायमचा तुमच्याकडेच येणार असेल तरच बदला, आणि तेव्हाही एडिटरच्या रीनेम सोयीने. फाइंड-रिप्लेसच्या वाटेला जाऊ नका. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे एका अक्षराचं नाव शोधायला गेलात तर ते दहा दुसऱ्या नावांत आणि स्क्रीनवरच्या मजकुरातही सापडेल, आणि सगळीकडे बदलून बसेल.

खरी डोकेदुखी नावांची नाही, एन्कोडिंगची आहे, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या बाइटांनी साठवली याची. तैवानची जुनी फाइल बहुतेक बिग-५ या तिथल्या एन्कोडिंगमध्ये असेल, चीनमधून आलेली असती तर जीबीके. व्हीएस कोड हा एडिटर ती यूटीएफ-८ (युनिकोडचं नेहमीचं एन्कोडिंग) समजून उघडतो आणि जागोजागी काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसतात. इथे सेव्ह दाबू नका! दाबलंत की मूळ बाइट गेले, त्यांच्या जागी ती प्रश्नचिन्हंच खरोखर फाइलमध्ये लिहिली जातात. अशी फाइल कुणी चीनमध्ये जीबीके म्हणून उघडली की त्याला 'खुन-जिन-खाओ' अशी तीन निरर्थक अक्षरं पुन्हा पुन्हा दिसतात. तिकडच्या प्रोग्रामरांत हा जुना विनोद आहे. ती दिसली की समजायचं, फाइल मेली, बॅकअप शोधा. म्हणून आधी खालच्या पट्टीवरून 'रीओपन विथ एन्कोडिंग' करून बिग-५ निवडा, अक्षरं नीट दिसली की मगच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

तुमच्या सी फाइलमध्ये काही स्ट्रिंगांत (अवतरणातल्या मजकुरात) चिनी अक्षरानंतर एक फालतू बॅकस्लॅश दिसत असेल. ती टायपिंगची चूक नाही. बिग-५ मध्ये एक अक्षर दोन बाइटांचं असतं, आणि काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका बॅकस्लॅशचाच कोड असतो. बिग-५ न समजणारा सी कंपाइलर त्याला एस्केपची (नवी ओळ वगैरे सांगणाऱ्या खास खुणेची) सुरुवात समजायचा आणि अक्षर मोडायचं. 'यश' या शब्दातलं गोंग हे अक्षर त्यातलंच, म्हणजे 'यशस्वी झाले' हा साधा संदेशही धड छापला जायचा नाही. तैवानमध्ये या भानगडीला अशा तीन अक्षरांवरून 'शू-गोंग-गाइ' म्हणतात. उपाय म्हणून लोक पुढे आणखी एक बॅकस्लॅश टाकायचे. फाइल यूटीएफ-८ मध्ये नेलीत की हे जादा बॅकस्लॅश हाताने काढावे लागतील. मात्र त्या स्ट्रिंग जुन्या प्रिंटरकडे जात असतील तर आधी विचारून घ्या, त्याला बिग-५ चेच बाइट हवे असू शकतात.

स्वतः त्या कोडमध्ये काही लिहिणार असाल तर चिनी कीबोर्डवरचा स्वल्पविराम आणि कंस जपून. ते रुंद असतात, दिसायला जवळपास तसेच, पण पायथनला ते वेगळेच कॅरेक्टर वाटतात आणि तो सिंटॅक्स एरर देतो. दुसरं, एकाच शब्दाची पारंपरिक (तैवानची) आणि सोपी केलेली (चीनमधली) चिनी रूपं यांना संगणक वेगळी नावं मानतो. तैवानच्या कोडमध्ये शांघायच्या माणसाने भर घातली असेल तर हे हमखास तपासा.

अख्खी भाषाच चिनीत करायचेही प्रयत्न झाले. वू ताओ यांची 'ई यूयान' २००० पासून आहे, कीवर्डही चिनी. २०१९ मध्ये कार्नेगी मेलनच्या लिंगडोंग हुआंग या विद्यार्थ्याने अभिजात चिनीत 'वेन्यान' काढली, तिचं जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये रूपांतर होतं. वेन्यान मला फार आवडते, पण कामाला घेणार नाही. लायब्ररी सगळ्या इंग्रजीत असताना नुसते 'इफ' आणि 'फॉर' बदलून फारसं काही हाती लागत नाही. उपयोग होतो तो नावांचा, विशेषतः कर, हिशेब अशा क्षेत्रांत, जिथे कायद्यातला शब्दच वापरलेला बरा.

आता मराठी. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये 'किंमत' हे नाव बिनधास्त चालतं, फक्त कोडमध्ये आकडे इंग्रजी लिहायचे. गो या भाषेत मात्र आपण चिन्यांपेक्षा मागे आहोत. गोला नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात, काना-मात्रा नाहीत. म्हणजे 'दर' चालेल, 'भाव' चालणार नाही. चिन्यांची अडचण निराळी: गोमध्ये पॅकेजबाहेर दिसणारं नाव मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षराने सुरू व्हावं लागतं आणि चिनीत मोठी-छोटी लिपीच नाही, म्हणून ते पुढे एखादं मोठं रोमन अक्षर चिकटवतात.

आणि 'किनाऱ्या'मधल्या ऱ्याकडे लक्ष ठेवा. काही कीबोर्ड तो साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने बनवतात. पायथन त्यावर एरर देतो. जावास्क्रिप्ट देत नाही, पण दोन कीबोर्डांवरून टाइप केलेली, डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी दोन नावं तिथे दोन वेगळे व्हेरिएबल होतात.