क्लॅम्प लागल्यावर घड्याळाइतकंच ईसीजीकडे बघ

ठाण्यात परफ्युजनिस्ट (हृदयशस्त्रक्रियेत हार्ट-लंग पंप सांभाळणारी) म्हणून रुजू होतेयस, तर एक आधी मनात पक्कं कर. क्रॉस-क्लॅम्प, म्हणजे महाधमनीवरचा चिमटा, लागला की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. स्नायू किती टिकेल हे त्याच्या ऑक्सिजनच्या खर्चावर ठरतं. धडधडतं हृदय मिनिटाला १०० ग्रॅम स्नायूमागे साधारण ८ ते १० मिली ऑक्सिजन वापरतं. पोटॅशियमने शिथिल अवस्थेत थांबवलं की तोच खर्च १ मिलीच्या आसपास येतो. थंडाव्याने आणखी घटतो, पण मोठी बचत थांबण्यातच आहे. म्हणून फिब्रिलेशन (हृदयाची विस्कळीत थरथर) रेंगाळलं किंवा डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा डावा खालचा कप्पा) फुगलं, तर लगेच मोठ्याने सांग. नवीन आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

ऑक्सिजन संपला की पेशी ग्लुकोज अर्धवटच जाळतात. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तुटपुंजं मिळतं, आम्ल साचतं, सोडियम आत शिरतो आणि त्यामागून कॅल्शियम. आतल्या अस्तराजवळचा थर आधी सोसतो, जाड झालेल्या हृदयात तर फारच.

ब्लड कार्डिओप्लेजिया, म्हणजे हृदय थांबवणारं रक्तमिश्रित द्रावण, साधारण दर २० मिनिटांनी. डेल निडो या दुसऱ्या द्रावणाचा हिशोब वेगळा, दोन्हींची गल्लत नको. मधेच ईसीजीवर हालचाल दिसली तर पुढच्या डोसची वाट पाहू नकोस, सर्जनला सांग.

क्लॅम्प निघाल्यावर स्नायू जिवंत असूनही काही तास, कधी काही दिवस मंद असतो. पंपावरून उतरायची, म्हणजे पंपाचा आधार काढायची, घाई नको; हृदयाला रिकामं धडधडू दे.

आणि पनवेलहून येणार असशील तर पावसाळ्यात एक लोकल आधीची धर. पंपाच्या नळ्यांचं सर्किट घाईत भरायचं नसतं.