हात धुण्याचे प्रदर्शन : हळद, मिरपूड आणि पाच लिटरचा डबा

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, मुलांचे छोटे प्रदर्शन भरते आणि पालकही येतात. यंदा हात धुण्याचा विषय घेतला आहे. भित्तिपत्रके आम्ही दरवर्षी लावतो. मुले त्यातले टप्पे घडाघडा म्हणून दाखवतात आणि पोषण आहाराच्या वेळी बोटे नळाखाली ओली करून ताटावर पळतात. सहकारी मिरपुडीचा प्रयोग सुचवतात. आपले मत काय? — एक प्राथमिक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : मिरपुडीचा प्रयोग दिसायला झकास आहे, पण तो सहसा चुकीचे सांगून दाखवला जातो. पाण्यावर पसरलेली पूड साबणाचे बोट टेकताच कडेला सरकते ती साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो म्हणून. जंतू साबणाला घाबरून पळतात, असे त्यावरून मुलांना सांगितले तर विज्ञान दिनीच विज्ञानाची फसगत होईल. शिवाय साबण नुसता लावला की काम झाले असा समजही त्यातून होतो, आणि आपल्याला शिकवायचे आहे ते नेमके चोळणे.

त्याऐवजी हळद घ्यावी. खोबरेल तेलात कालवलेली चिमूटभर हळद मुलांच्या दोन्ही हातांना चोळून त्यांना आधी नुसत्या पाण्याने हात धुवायला सांगा. तेलामुळे पिवळा रंग फारसा हलत नाही, हे त्यांचे त्यांनाच दिसते. मग साबणाची वडी द्या. वडीचा साबण अल्कधर्मी असल्यामुळे उरलेली हळद लालसर होते, म्हणजे घरात कुंकू करताना हळदीला चुना लागतो तेव्हा घडते तेच. (बाटलीतले द्रवरूप हँडवॉश बहुधा अल्कधर्मी नसते, त्याने ही गंमत दिसणार नाही.) धुऊन झाल्यावर पिवळेपणा कुठे उरला ते मुलांनी कागदावर काढलेल्या आपल्या पंजाच्या आकृतीत रंगवावे. अंगठा, बोटांची टोके, नखांच्या कडा आणि बोटांमधल्या बेचक्या याच जागा बहुतेक आकृत्यांत रंगतील, कारण घाईत तळव्यावर तळवा घासला की या जागा सुटतात. हळद त्वचेलाही थोडी धरते, त्यामुळे हलकी छटा सगळीकडेच राहील. एका जागेची दुसरीशी तुलना करायची, एवढे मुलांना आधी सांगून ठेवावे.

खोलीत अंधार करता आला तर नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली हीच हळद हिरवट-पिवळी चमकते, आणि पालकांची गर्दी तिथेच होईल. दिवा मात्र नोटा तपासण्याचाच हवा. जंतुनाशक म्हणून विकले जाणारे अतिनील दिवे डोळ्यांना व त्वचेला इजा करतात, ते मुलांच्या जवळही नकोत.

पावाच्या तुकड्यांना धुतलेले आणि न धुतलेले हात लावून बुरशी दाखवण्याचा प्रयोगही लोकप्रिय आहे. मला तो फारसा पटत नाही, कारण पावावरची बुरशी आणि जुलाबाचे जंतू एक नव्हेत. केलाच तर पिशव्या घट्ट बंद ठेवा, कोणालाही उघडू देऊ नका आणि नंतर तशाच टाकून द्या.

मोठ्यांसाठी मात्र प्रदर्शनात टिपी टॅप, म्हणजे पायाने चालवायची हात धुण्याची साधी सोय, ठेवावी. पाच लिटरचा जुना प्लॅस्टिकचा डबा, त्याला वरच्या बाजूला एक भोक, आडव्या काठीवर टांगणी आणि जमिनीलगत पायाने दाबायची, दोरीने डब्याला बांधलेली दुसरी काठी, एवढेच तिचे साहित्य. पाय दाबला की डबा कलंडतो, बारीक धार पडते, आणि घाण हात कशालाही लावावा लागत नाही. साबणाच्या वडीला भोक पाडून दोरीने शेजारीच टांगावी, म्हणजे ती चिखलात पडत नाही आणि कोणी घरीही नेत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीतल्या आयाबायांना हात धुण्याच्या व्याख्यानापेक्षा ही कमी पाण्याची सोय अधिक रुचेल.

प्रदर्शन संपल्यावर ती मोडू नका; जेवणाच्या जागेकडे जाणाऱ्या वाटेवर उभी करा, आणि सकाळी डबा भरण्याची वर्गवार पाळी त्याच दिवशी फळ्यावर लिहा.