2004 ची बीएमडब्ल्यू झेड4 (ई85) पुण्यात रोज चालवतो. लोअरिंग स्प्रिंग किती मिमीच्या घ्याव्यात?

गाडी 20 ते 25 मिमी खाली आणणाऱ्या, प्रोग्रेसिव्ह. त्याहून खाली जाऊ नका. गाडी खाली आली की सस्पेन्शनला दबायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग कडक लागते. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला मऊ असते आणि दबेल तशी कडक होत जाते, त्यामुळे छोट्या खड्ड्यांत हाडं खिळखिळी होत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार स्पीडब्रेकर 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. सोसायटीच्या गेटवर किंवा पेठेतल्या गल्लीत असा एक सापडला तर मलाही दाखवा! 40 मिमी खाली नेलेली गाडी तिथे पोट घासणारच.

ऑर्डर देण्याआधी एवढं बघा:
- गाडीला कंपनीचं स्पोर्ट सस्पेन्शन आहे का? कॅटलॉगमधला आकडा बहुधा साध्या सस्पेन्शनवरून मोजलेला असतो. तुमची आधीच खाली असेल तर फरक कमी दिसेल.
- बसवल्यावर अलाइनमेंट कराच. मागच्या चाकांचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) वाढतो आणि टायर आतल्या बाजूने झिजतात.

जुनी स्प्रिंग कापून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला लांबूनच नमस्कार. कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीवर (स्प्रिंग सीटवर) नीट बसत नाही, चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

मात्र शॉकअप मूळचेच असतील तर हे सगळं थांबवा. वीस वर्षांच्या थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की गाडी नुसती उड्या मारते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी शॉकअप.