वॅगनआरचा उजेड वाढवायचाय? बल्ब सगळ्यात शेवटी बदला

२०१२ची वॅगनआर, रात्रीचं पुण्याहून फलटणमार्गे पंढरपूरकडे गावी जाणं, आणि गळीत हंगामात उसाची ट्रॉली अगदी बोनेटवर आल्यावरच दिसणं, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदार म्हणतो १००/९० वॅटचे (लांबच्या हाय बीमला १००, जवळच्या लो बीमला ९०) बल्ब टाका, मेव्हणे म्हणतात ऑनलाइन एलईडी मागवा. दोघांनाही जरा थांबवा. एवढ्या जुन्या गाडीत उजेड कमी वाटतो त्याचं कारण बहुतेक वेळा बल्ब नसतोच.

आधी हेडलाइटची काच बघा. वरचं आवरण प्लास्टिकचं असतं, उन्हाने ते पिवळं आणि धुरकट होतं. दिवसा गाडीसमोर उभं राहून आतला रिफ्लेक्टर आरशासारखा लख्ख दिसत नसेल, तर कुठलाही बल्ब लावा, प्रकाश आतच विखुरणार आणि उलट समोरच्याच्या डोळ्यात जाणार. घरी करण्यासारखं काम आहे. कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा, ८०० नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत फिरवा, मग १०००, मग २०००, जमलं तर ३०००, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून सुरुवात करू नका, ती चकाकी टिकत नाही. पॉलिश झाल्यावर वरून यूव्ही क्लिअर कोट मारणं मात्र चुकवू नका. मूळचा थर तुम्ही घासून काढलेला असतो, त्यामुळे कोट नसेल तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. आतला रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर घासाघाशी सोडा, हेडलाइटची जोडी बदला.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. याकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. जुन्या रचनेच्या गाड्यांत हेडलाइटचा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून बारीक वायरने बल्बपर्यंत येतो. वर्षं गेली की स्विचचे पॉइंट झिजतात, कपलर, म्हणजे वायर बल्बला जोडणारे प्लग, काळे पडतात, अर्थिंगच्या बोल्टला गंज चढतो. मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू ठेवा, लाइट लावा. आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवं. मग कपलर बल्बला जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने प्रोब घालून मोजा. कपलर काढून मोजलंत तर आकडा छान येईल, पण त्याला अर्थ नाही. लोड असतानाचाच आकडा खरा.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ च्या घाताने कमी होतो. म्हणजे बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ असेल तर व्होल्टेज फक्त दहा टक्के पडलं, पण उजेड जवळजवळ तीस टक्के गेला. त्यात १००/९० टाकले तर काय होईल बघा. तुमचा मूळ बल्ब एच४, म्हणजे हाय आणि लो दोन्ही तारा एकाच बल्बमध्ये, ६०/५५ वॅटचा. लो बीमला दोन मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर. मोठे बल्ब टाकले की तेच पंधरा अँपिअर होतात. त्याच वायरमध्ये, त्याच स्विचमध्ये. जास्त करंट म्हणजे व्होल्टेज आणखी पडणार, पैसे देऊन विकत घेतलेला निम्मा फायदा वायर तापवण्यातच जाणार. मग फ्यूज उडतो, मग कुणीतरी मोठा फ्यूज घालतो, मग होल्डर वितळतो. रिफ्लेक्टरचा मुलामा फुगून सोलतो तो वेगळाच.

बॅटरी आणि बल्बवरच्या आकड्यांत फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर पहिल्यांदा अर्थिंग साफ करा. बोल्ट काढून खालचा पत्रा घासून घट्ट आवळा. तरीही सुधारलं नाही तर एच४चं रिले किट घ्या. रिले म्हणजे बारीक करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच. त्यात जुना कपलर फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बचा खरा करंट थेट बॅटरीवरून येतो. किट घेताना वायरची जाडी विचारा, २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची हवी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण त्याच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा. रिले उभी बसवा, पिना खाली, पाणी साचणार नाही अशा जागी. एक खाचखळगा: काही गाड्यांत, विशेषतः जपानी वळणाच्या, प्लस कायम असतो आणि स्विच अर्थच्या बाजूने तोडतो. साधं किट तिथे नीट चालत नाही. टेस्ट लॅम्पने आधी तपासा, नाहीतर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पाच मिनिटांत तपासून घ्या.

आता एलईडी. मी एलईडीच्या विरोधात नाही. कंपनीनेच एलईडीसाठी बनवलेला हेडलाइट उत्तम असतो. प्रश्न हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घुसवण्याचा आहे. एच४मध्ये लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो, आणि म्हणून भिंतीवर लो बीमची वरची कड स्वच्छ आडव्या रेघेसारखी दिसते. तारेची जागा मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेली असते. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना, एकमेकींपासून तिच्या जाडीइतक्या दूर. जुळलं तर जुळलं, नाहीतर प्रकाश रेघेच्या वर उडतो आणि समोरचा एसटी ड्रायव्हर तुम्हाला अप्पर मारतो. शिवाय अशा बल्बचा बराचसा उजेड बंपरपुढच्या थोड्याच मीटरवर साचतो. जवळचा रस्ता पांढराफटक दिसला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबची ट्रॉली आणखी अंधारात जाते. ‘काय उजेड पडतोय’ असं वाटतं, दिसत मात्र कमी असतं.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने परवानगीबाहेरचे फेरफार करता येत नाहीत आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यात किती जणांना पकडतात हा भाग सोडा, अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर बोनेट उघडून बघू शकतो.

काच आणि वायरिंग झालं की मग बल्ब. वॅट तोच, ६०/५५. फिलिप्स, ऑसरामचे ‘जास्त उजेड’ वाले हॅलोजन मिळतात, खोक्यावर +१३०, +१५० लिहिलेलं असतं. तो आकडा एकूण उजेडाचा नसतो, रस्त्याच्या ठरावीक पट्ट्यातला असतो. फरक पडतो, पण आयुष्य कमी असतं. निळसर काचेचे घेऊ नका, तो लेप उजेडाचाच एक भाग गाळून टाकतो. जोडीनेच बदला, काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल राहिलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. मागचं रबरी बूट नीट बसवा, नाहीतर पावसाळ्यात आत वाफ धरेल.

आणि हेडलाइटचा नेम. बल्ब बदलल्यावर तो तपासायचाच. सपाट जागा, चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, डॅशबोर्डवर हेडलाइटचा नेम वर-खाली करायचं (लेव्हलिंगचं) बटण असेल तर शून्यावर. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि बल्बच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला टेप लावा. लो बीमची रेघ त्या टेपच्या १० सेंटीमीटर खाली यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. आपण डावीकडून चालतो म्हणून डाव्या टोकाला ती थोडी वर चढलेली दिसेल, ते बरोबर आहे. हा खेळ किती मोठा आहे बघा: हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर असेल तर एक टक्क्याला प्रकाश ७० मीटरपर्यंत जातो. तोच नेम दोन टक्के खाली गेलेला असेल तर ३५ मीटर. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ट्रॉली दिसल्यापासून हातात दीड सेकंद. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असतील तर नाक वर उचललं जातं आणि हिशोब उलटा होतो, तेव्हा बटण फिरवून नेम खाली घ्या.

एवढं करूनही रिफ्लेक्टर नसलेली, मागे एकही दिवा नसलेली ट्रॉली लो बीमवर उशिराच दिसेल. समोरून कोणी नसताना हाय बीम लावायला संकोच करू नका, आणि हंगामात त्या पट्ट्यात साठच्या वर जाऊ नका.

मल्टिमीटरचे दोन्ही आकडे, डावा आणि उजवा बल्ब वेगवेगळा मोजून, इथे टाका. एकाच बाजूला फरक जास्त असेल तर किट नको, त्या बाजूची अर्थिंग किंवा कपलर शोधू.