सेकंड-हँड लॅपटॉप, बीएस्सीचं पहिलं वर्ष आणि दुकानदाराचं ‘फुल सॉफ्टवेअर’

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाचीला नांदेडला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन मिळालं. तिच्यासाठी सेकंड-हँड लॅपटॉप घेतला: चौथ्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. दुकानदार म्हणतोय ५०० रुपये द्या, ऑफिस, फोटोशॉप, अँटीव्हायरस सगळं भरून देतो. तुम्हाला त्याऐवजी फुकट आणि कायदेशीर काय चालेल ते हवंय. त्यावर एकांनी ‘विंडोज पुसा, सरळ लिनक्स टाका’ असं उत्तर दिलंय.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. मी लिनक्सवालाच आहे, आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीन लिनक्सवरच चालतात, तरी तुम्हाला सांगेन की आत्ता विंडोज पुसू नका. आधी प्रोग्रॅम बदला, ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यात शेवटी. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर राहणार, होस्टेल नवं, विषय नवा. त्यात वायफाय लागेना की प्रिंटर दिसेना झालं, तर बोल लिनक्सलाच लागणार. खाली सांगतो ते जवळजवळ सगळे प्रोग्रॅम विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. एकदा हात बसला की खालची सिस्टीम कधीही बदलता येते.

आधी त्या ५०० रुपयांचं बघू. दुकानात जे ‘ॲक्टिव्हेट’ करून देतात ते चालावं म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटीव्हायरस, बंद करावा लागतो, नाहीतर तो ती फाईल पकडतो. म्हणून तिथला पोरगा काय करतो, तर डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये ते फोल्डर टाकतो, कधी कधी तर अख्खा सी ड्राइव्ह. एक्सक्लूजन म्हणजे ‘इथं तपासू नकोस’ असं सांगणं. तुम्हीच बघा: विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्सक्लूजन. तिथं काही दिसलं तर काढून टाका. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, स्पेस, तिरकी रेघ (/), एक्स-पी-आर एवढं टाइप करून एंटर दाबा. छोटी खिडकी येईल. त्यात पुढची एखादी तारीख दिसली, तर विंडोज जुगाडाने चालू केलेलं आहे असं समजा.

गंमत अशी की या जुगाडाची बऱ्याचदा गरजच नसते. ऑफिसांतून निघालेल्या अशा लॅपटॉपमध्ये विंडोज ८ च्या काळापासून लायसन्सची की कंपनीनेच बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या चिपमध्ये, भरलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० घेऊन त्याच आवृत्तीचं, म्हणजे होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, कोरं इन्स्टॉल केलं, आणि त्या मशीनवर पूर्वी विंडोज १० रीतसर ॲक्टिव्हेट झालेलं असेल, तर ते इंटरनेटला लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होण्याची चांगली शक्यता असते. मी तर म्हणेन, दुकानातून आणलेल्या मशीनवर हे करूनच घ्या. वेगळा अँटीव्हायरस नको, डिफेंडर पुरतो.

आता अभ्यास. पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा असते आणि बऱ्याच लॅबमध्ये अजूनही निळ्या पडद्याचं टर्बो सी आहे. हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉसवरचं सॉफ्टवेअर. ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आत चालवावं लागतं. भाचीने घरी कोडब्लॉक्स वापरावं, सी लिहायचं आणि चालवायचं मोफत सॉफ्टवेअर. डाउनलोड करताना एक बघा: ज्या फाईलच्या नावात ‘मिंगडब्ल्यू सेटअप’ आहे तीच घ्या. दुसरीत कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड चालवण्याजोगा करणारा भाग, नसतो. पोरं तीच उतरवतात आणि मग ‘सर, रनच होईना’ म्हणून येतात.

लॅबमध्ये टर्बो आणि घरी जीसीसी (कोडब्लॉक्ससोबत येणारा कंपायलर) असं झालं की सुरुवातीला घोळ होतोच. क्लिअर-स्क्रीन आणि कोनिओ डॉट एच या टर्बोच्या घरच्या वस्तू. त्या काढल्या की सी चे बहुतेक साधे प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतात. सी++ मध्ये आयओस्ट्रीम डॉट एच लिहिलेलं नव्या कंपायलरला चालत नाही, कारण सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चं, टर्बो त्याच्याही आधीचं. पण खरी मजा फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅममध्ये आहे. साधा इंट वापरून ७ चं फॅक्टोरियल काढलं तर दोन्हीकडे ५०४० येतं. ८ चं काढा. जीसीसी ४०३२० सांगेल आणि टर्बो सांगेल उणे २५२१६. कारण टर्बोमध्ये इंट २ बाइटचा, त्याची झेप ३२७६७ पर्यंतच. जीसीसीत तो ४ बाइटचा असतो, म्हणून १२ पर्यंत बरोबर येतं आणि १३ ला तिथंही घोटाळा होतो. भाचीला दोन्हीकडे हा प्रोग्रॅम चालवून बघायला सांगा. डेटा टाइप म्हणजे काय हे पाठ करण्यापेक्षा यातून लवकर कळतं. आणि प्रॅक्टिकल परीक्षा लॅबच्या मशीनवर होणार, तेव्हा परीक्षेच्या आधी डॉसबॉक्सवर सराव हवाच. तिथं तत्त्व घेऊन बसू नका.

पायथन आलं की ते लिहायला थॉनी टाका. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात, नवशिक्यांसाठीच बनलेलं आहे, हलकं आहे, आणि व्हेरिएबलमध्ये काय बसलंय ते शेजारी दिसतं. व्हीएस कोड सगळे सुचवतील, पण ४ जीबीवर ब्राउझरसोबत उघडलं की लॅपटॉपला दम लागतो. नंतर बघा.

ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस. यात तीन गोष्टी सुरुवातीलाच करून द्या, म्हणजे ‘हे फुकटचं आहे म्हणून असं होतंय’ हे ऐकावं लागणार नाही. पहिली, टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथं जाऊन फाईल नेहमी वर्डच्या डॉकएक्स प्रकारात सेव्ह होईल असं ठरवून द्या. दुसरी, प्रोजेक्ट रिपोर्टला टाइम्स न्यू रोमन मागतात. लिनक्सवर तो नसला तर लिबरेशन सेरिफ घ्या. त्याच्या अक्षरांची रुंदी टाइम्सएवढीच ठेवलेली आहे, त्यामुळे पानं पुढं-मागं होत नाहीत. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कँब्रियाच्या जागी कॅलेडिया, हिशोब तोच. तरी सरांना द्यायची शेवटची प्रत पीडीएफच करावी.

तिसरी मराठीची, आणि इथंच बहुतेक जण अडकतात. लिब्रेऑफिस इंग्रजीचा फाँट वेगळा धरतं आणि देवनागरीचा वेगळा. स्टाइलमध्ये जाऊन साइज १४ केली, इंग्रजी मोठं झालं आणि मराठी आहे तेवढंच राहिलं, असं झालं की माणूस वैतागतो. ऑप्शन्समध्ये भाषेच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला टिक करा, तिथंच मराठी निवडा. मग स्टाइलच्या फाँट टॅबमध्ये देवनागरीसाठी वेगळा रकाना दिसतो. फाँट मुक्त किंवा नोटो घ्या. शोधनिबंधाला शोभेलसं काही हवं असेल तर आयआयटी मुंबईचा शोभिका. तिन्ही मोफत आहेत.

टायपिंगसाठी विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून ध्वनीवर चालणारा मराठी कीबोर्डही आहे. मी इनस्क्रिप्टच शिकायला सांगतो, कारण तो विंडोज, लिनक्स सगळीकडे सारखा. ‘दुसऱ्या’ लिहिताना साधा र नाही घ्यायचा, शिफ्ट दाबून जे, मग हलंत डी वर, मग य. हे न कळल्यामुळे कित्येक रिपोर्टांत ‘दुसर्या’ छापून येतं. मात्र भाची शासकीय टायपिंगची परीक्षा, म्हणजे परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी (वरच्या जीसीसीशी संबंध नाही) देणार असेल, तर टायपिंग इन्स्टिट्यूट शिकवेल तोच कीबोर्ड धरावा. एका वेळी दोन शिकायला गेलं की दोन्हीचा वेग जातो. एमएस-सीआयटीचंही तसंच. तिथं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवतात, ते तिथं शिकावं. लिब्रेऑफिसवर हात बसलेल्याला ते जड जात नाही. आणि हो, सीनियरकडून कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या नोट्स आल्या तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फाईल बिघडलेली नाही, ते जुन्या फाँटात आहे, युनिकोडमध्ये नाही एवढंच. कन्व्हर्टरमधून काढून घ्यावं.

बाकीचं पटकन. ब्राउझर फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन. व्हिडिओला व्हीएलसी, फाईली उघडायला सेव्हन-झिप. फोटोशॉपच्या जागी गिंप, पण ते पहिल्या वर्षाला लागतच नाही, उगं भरून ठेवू नका. घरात दहावीतलं पोरगं असेल तर त्याच्यासाठी गणिताचं जिओजेब्रा. शिकण्यासाठी मोफत आहे, व्यवसायासाठी अटी आहेत. कोलोराडो विद्यापीठाचे फेट सिम्युलेशनही (पडद्यावरचे विज्ञानाचे प्रयोग) त्याला दाखवा, त्यातले बरेच मराठीत आहेत.

हे वाचणारे दुसऱ्या शाखेचे असतील तर दोन शब्द त्यांच्यासाठी. कॉमर्सवाल्यांनो, नूकॅश चांगलं असलं तरी जालना-लातूरच्या अडतीवर नोकरीला गेलात तर टॅलीच विचारणार. टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोड फुकट आणि कायदेशीर आहे, फक्त एंट्री महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच पडते. शिकायला तेवढं बास. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांना ऑटोडेस्क विद्यार्थी म्हणून ऑटोकॅड वर्षावर्षाने मोफत देतं, क्रॅक शोधत फिरायचं कारण नाही. मॅटलॅबच्या जागी ऑक्टेव्ह किंवा सायलॅब. परभणीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्यांना आरबीडीचं (शेतातल्या प्रयोगांच्या एका आराखड्याचं) गणित करायचं असतं. आर हा संख्याशास्त्राचा प्रोग्रॅम टाका, त्यात ॲग्रिकोले नावाचं पॅकेज यासाठीच आहे. नकाशे करायचे असतील तर क्यूजीआयएस.

आता लिनक्स. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तिथं ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचा इंटेल आणि सुरक्षेची टीपीएम २.० चिप लागते. म्हणजे हे विंडोज कायमचं धरून बसता येणार नाही. लिनक्स टाकेपर्यंत यावर बँकेचं काही करू नका. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी घरी आली की लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २ जीबी रॅमवरही उठते, ४ वर बरी चालते. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, आपलं आहे, पण अडचण आली की मिंटवर उत्तरं लवकर सापडतात. म्हणून मी मिंट सांगतो.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, झाकण लावून उघडल्यावर जागं होतं का, हे सगळं तपासा. जुन्या ब्रॉडकॉम चिपला वायफायचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. तेव्हा मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं, की ड्रायव्हर उतरतो. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. विंडोज ठेवण्याचं कारणही आहे: सेफ एक्झाम ब्राउझरसारखे परीक्षेचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत.

आणि सेकंड-हँडची बॅटरी म्हणजे भरवसा नाही. पार्टिशन छोटं-मोठं होत असताना लाईट गेली आणि बॅटरी बसली तर विंडोजही गेलं आणि फोटोही. फाईली आधी दुसरीकडे काढा आणि भारनियमनाची वेळ सोडून कामाला बसा.

मिंटची फाईल ३ जीबीच्या आसपास, लिब्रेऑफिस साधारण ३५० एमबी. गावाकडे दिवसाच्या पॅकवर मिंट उतरवायचा नाद करू नका, तालुक्याला कुणाकडे वायफाय असेल तिथून पेनड्राइव्हवर आणा. तेव्हाच आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले धडे घ्या. लिब्रेऑफिस, सी, पायथन सगळ्याचे आहेत, एकेक साधारण दहा मिनिटांचा, आणि डाउनलोड करून बिनइंटरनेटचे बघता येतात. प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. गुगलवर बऱ्याचदा सर्वात वर ‘स्पॉन्सर्ड’ म्हणजे जाहिरातीचा दुवा येतो, तिथं हिरवं मोठं डाउनलोडचं बटण असतं, ते दाबू नका.

दुकानदाराचे ५०० वाचले तर ते एसएसडीत, म्हणजे साध्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये, घाला. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवली की हाच लॅपटॉप ओळखू येणार नाही, मग विंडोज असो की मिंट. रॅमही ८ करता आली तर बघा. मागचं झाकण उघडून स्लॉट एक आहे की दोन, आणि रॅमवर डीडीआर३एल लिहिलंय का ते पाहून इथं मॉडेलसकट लिहा, कोणती घ्यायची ते सांगतो.