घरच्या घरी एस्टीमचं 150 बीएचपीचं इंजिन बांधता येईल का?

प्रश्न दोनदा वाचला. 2004 ची मारुती एस्टीम, घराच्या पोर्चमध्ये काम, दीड लाख बजेट, 150 बीएचपी हवेत आणि गाडी रोज कॉलेजलाही न्यायची आहे. कुठले पिस्टन, कुठला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कुठला टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) घेऊ असं विचारलंयस. भावा, पार्टांची यादी तुला कुणीही देईल. मोजायला काय घेऊ हे तू विचारलंच नाहीस, म्हणून मी लिहायला बसलो.

आधी त्या 150 चा हिशोब. टॉर्कला (फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) आरपीएमने (मिनिटाचे फेरे) गुणून 7127 ने भागलं की बीएचपी, म्हणजे इंजिनची ताकद येते. तुझं 1298 सीसीचं 16 व्हॉल्व्ह इंजिन कंपनीकडून 85 देतं आणि टॉर्क साधारण 110 न्यूटन-मीटर. तेवढ्याच टॉर्कवर 150 काढायचे तर इंजिन 9,700 आरपीएमपर्यंत ओढावं लागेल. 75.5 मिमी स्ट्रोकला (पिस्टनची वर-खाली धाव) तिथं पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 24 मीटरच्या वर जातो आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडवरचा ताण 6,000 आरपीएमच्या मानाने अडीचपट होतो. कंपनीच्या रॉडवर हे होणार नाही. होंडाने 1997 च्या सिव्हिक टाइप आरमध्ये 1.6 लिटरमधून 185 पीएस (बीएचपीच्या जवळपासचंच माप) काढले, म्हणजे लिटरला 116. तुला जवळपास तेवढेच हवेत. त्यांनी आख्खं इंजिनच त्यासाठी बनवलं होतं. टर्बोने आकडा येईल, पण कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मोठे इंजेक्टर, पंप, क्लच, इंटरकूलर आणि ट्यूनिंग हे सगळं नीट करायचं तर दीड लाखात बसत नाही. टर्बोशिवाय 100 ते 110 पर्यंत जा. हलक्या एस्टीमला ते भरपूर आहेत.

2011 मध्ये मी हेच केलं. कोल्हापुरात घराच्या पोर्चला लोखंडी बीम टाकला, चेनब्लॉक लावला, इंजिन उतरवलं. हेडचे पोर्ट महिनाभर रात्री बसून घासले. इंधन जळतं त्या चेंबरवर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवून, सिरिंजने रॉकेल भरून चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारखे केले. कॅम ग्राइंड करून आणला. 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन घेतले, म्हणजे इंजिन 1316 सीसीचं झालं. सगळं घरी, स्वतःच्या हाताने. फक्त बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) तेवढा उद्यमनगरातल्या दुकानात दिला, कारण बोअरिंग (भोक मोठं करणं) आणि होनिंग (ते आतून बारीक घासणं) घरी होत नाही. दुकानाचं नाव सांगणार नाही. मिस्त्री तीस वर्षं त्याच मशिनवर होते आणि त्यांच्या हाताबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

मी तिथं उभा होतो. होनिंग संपलं, मिस्त्रींनी फडक्याने बोअर पुसला, लगेच गेज घातलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 74.52 मिमी. ब्लॉक उचलून रिक्षात ठेवताना हाताला चांगला गरम लागला होता. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

घरी बाबांनी विचारलं, "बोअर मोजलास?" बाबा आयुष्यभर टर्नर. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहून दिलंय की. पिस्टनच्या रिंगा नव्या खोक्यातल्या, त्यांच्या दोन टोकांमधला गॅपही बघितला नाही. पिस्टन जरा घट्ट गेले, मला वाटलं नवीन कामाला असंच असतं.

हजार किलोमीटर जपून चालवली, लोण्यासारखी चालली. मे महिन्यात गणपतीपुळ्याहून परत येताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला. आई शेजारी बसलेली. दोन-तीन वळणं गेली आणि आवाज बदलला. आधी बारीक किरकिर, मग कुणीतरी मागून धरल्यासारखी गाडी जड, मग बंद. सेल्फ मारला तर क्रँक हलेना. इंजिन पकडलं होतं.

खोललं तेव्हा मिस्त्री स्वतः घरी आले. दोन नंबरच्या पिस्टनची वरच्या रिंगेखालची कड तुटलेली, बोअरला उभे ओरखडे. बघताक्षणी म्हणाले, "टायमिंग ओढलंस. आमच्याकडनं बोअर करून गेलेली गाडी आजवर कधी पकडली नाही." तेच ते आजही म्हणतात, मागच्या वर्षी एका लग्नात चार लोकांत म्हणाले. त्याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, फार पुढे आणल्याने इंजिन ठोकत असतं (इंधन अवेळी भडकत असतं), तर पिस्टनच्या डोक्याची कड वाळूचा मारा केल्यासारखी खडबडीत होते आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसतात. माझे प्लग तपकिरी, स्वच्छ. पिस्टनची डोकीही गुळगुळीत. पण वरच्या रिंगांची टोकं बघितली तर दोन्ही बाजू आरशासारख्या चमकत होत्या. रिंगेची टोकं एकमेकांवर दाबून घासली गेली तरच अशी चमक येते. चार नंबरच्या बोअरला ओरखडे नव्हते. त्यातली रिंग मी त्याच बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेज घातलं. 0.15 मिमीची पाती गेली, 0.20 ची गेली नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाला बोअरच्या दर इंचामागे 4 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धरतात, म्हणजे इथं 0.30 मिमी हवे होते. मग बाबांनी ओळखीच्या टूलरूममधून बोअर गेज आणलं आणि ओरखडे नसलेल्या जागी मोजलं. 74.49.

चिठ्ठीवर 74.52 आणि बोअर 74.49. हे 30 मायक्रॉन (0.03 मिमी) कुठं गेले? मिस्त्रींनी खोटं लिहिलं नव्हतं. होनिंगने तापलेला बोअर त्या क्षणी खरोखर 74.52 असणार. नुसत्या बिडाचा हिशोब धरला तरी 35 अंशांच्या फरकाने 74.5 मिमीचा बोअर 28-29 मायक्रॉन फुगतो. इथं तर बिडाच्या लायनरभोवती अॅल्युमिनियमचा ब्लॉक, तो त्याहून जास्त फुगतो. थंड झाला की बोअर आत आला. बोअर 30 मायक्रॉन आत आला की रिंगेचा गॅप त्याच्या तिप्पट, म्हणजे 0.09 मिमीने कमी होतो. रिंगेचा घेर 234 मिमी. घाटात पूर्ण लोडवर ती भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली, तर पाव मिलिमीटर वाढते. तिला वाढायला जागा होती 0.15. हजार किलोमीटर हलक्या पायाने चालवताना ती एवढी तापलीच नव्हती, म्हणून तोवर काही कळलं नाही.

हे सगळं मी मिस्त्रींना तेव्हाच कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद परत दिला.

दुसऱ्यांदा 0.75 ओव्हरसाइजवर बांधलं. ब्लॉक रात्रभर दुकानातच ठेवायला लावला, सकाळी स्वतः मोजला, मगच घेतला. वरच्या रिंगा बारीक कानशीने 0.32 ला आणल्या. डायनोवर (ताकद मोजायचं मशिन) चाकांवर 94 बीएचपी आले. त्यानंतर आठ वर्षं गाडी चालवली, आंबा घाटातही, पूर्ण पायाने.

तर तुझ्या दीड लाखातले पहिले पंधरा-वीस हजार बोअर गेज, मायक्रोमीटर, फीलर गेज आणि चांगला टॉर्क रेंच यांना. त्यानंतर ब्रेक, होजपाइप आणि रेडिएटर. कॅम त्यानंतर. स्वस्तात मिळतात म्हणून इंटरनेटवरून पिस्टन मागवू नकोस. मागवलेसच तर प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाचा बोअर करून घे.

काही गोष्टी राहिल्या. मी टायमिंग खरोखरच दोन अंश पुढे ठेवलं होतं, त्याने उष्णता थोडी वाढली असेल. दुसरं, आता पंपावर ई20 येतं. म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. साध्या पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण 14.7, ई20 ला साधारण 13.5, त्यामुळे कुणाचा जुना मॅप (किती इंधन टाकायचं याचा तक्ता) जसाच्या तसा टाकलास तर इंजिन लीन, म्हणजे इंधन कमी पडून चालेल. आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलंस तर अपघातात क्लेम नाकारू शकतात. रोज कॉलेजला न्यायची गाडी आहे, आरटीओत जाऊन आधी विचार.

बोअरिंगला ब्लॉक देशील तेव्हा देतानाच सांग, रात्रभर इथंच राहू दे, सकाळी थंड असताना आपण दोघं मिळून मोजू. नाही म्हणाले तर ब्लॉक उचल आणि दुसऱ्या दुकानात ने.