व्यावसायिक मासिकाला पुरस्कार मिळाल्याने संपादकीय विभागाच्या पदरात नेमके काय पडते?

एका तांत्रिक क्षेत्राला वाहिलेल्या आपल्या छोट्या मासिकाने पुरस्कारांसाठी प्रवेशिका पाठवावी का, आणि पुरस्कार मिळालाच तर त्याचा संपादकीय विभागाला उपयोग काय, असे आपण विचारले आहे. ऊर्जाक्षेत्रातल्या अशाच एका मासिकात मी बरीच वर्षे उपसंपादक होतो. आमच्या एका लेखमालेला पुरस्कार मिळाला आणि पुढे दोनदा परीक्षक म्हणूनही काम केले. या अनुभवावरून सांगतो, की प्रवेशिका जरूर पाठवावी. मात्र श्रेय कोणाकोणाचे, हे अर्ज हाती घेण्यापूर्वीच ठरवावे.

आम्ही ते ठरवले नव्हते. त्या लेखमालेत वीजसाठवणुकीच्या खर्चाचा एक तक्ता होता आणि छपाईपूर्वीच्या तिसऱ्या मुद्रितापर्यंत त्यातल्या एका स्तंभावर ‘किलोवॅट-तास’ऐवजी ‘किलोवॅट’ असे एकक राहून गेले होते. पहिले एकक ऊर्जेचे, दुसरे शक्तीचे. तक्ता तसाच छापला गेला असता तर लेखाचा निष्कर्षच कोसळला असता. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून समासात केवळ एक प्रश्नचिन्ह दिले होते. अर्जात नावांसाठी सहाच जागा होत्या, त्या लेखक, संपादक आणि मांडणीकारांनी भरल्या आणि बाईंचे नाव बाहेर राहिले. पुढच्या अंकात आम्ही पूर्ण नामावली छापली खरी, पण सन्मानचिन्हावर नाव कोरून झाल्यानंतर छापलेल्या नामावलीला दिलगिरीचा वास येतोच.

असे पुरस्कार नवे नाहीत. व्यापारी व तांत्रिक नियतकालिकांसाठीचे अमेरिकेतील जेसी एच. नील पुरस्कार १९५५ पासून दिले जातात, तर अधिक गाजलेले नॅशनल मॅगझिन अवॉर्ड्स त्यानंतर ११ वर्षांनी, म्हणजे १९६६ मध्ये सुरू झाले. आपले लेखन आपल्या क्षेत्राबाहेर सहसा कोणी वाचत नसल्यामुळे आपली पाठ आपणच थोपटण्याची निकड आधी भासली असावी, असा माझा तर्क आहे.

परीक्षकाच्या टेबलावर प्रवेशिकांचा ढीग असतो आणि आपल्या क्षेत्राची त्याला फारशी माहिती नसते. म्हणून सोबतच्या टिपणात विषयाची थोरवी गाऊ नये. वाचकाला कोणता प्रश्न पडला होता, उत्तर मिळवण्यासाठी कोणती कागदपत्रे तपासली, किती माणसांनी किती दिवस काम केले आणि लेख आल्यानंतर काय घडले, एवढे साध्या भाषेत लिहावे. दोनच माणसांनी अंक काढला असेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही; ते कळल्यावर मी स्वतः एक प्रवेशिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचली होती. जाहिरातदाराने पुरस्कृत केलेला मजकूर मात्र संपादकीय गटात पाठवू नये. तो ओळखायला परीक्षकाला दोन परिच्छेद पुरतात.

फायद्याविषयी स्पष्टच सांगतो. आमचा पगार वाढला नाही, खपही जाणवण्याइतका वाढला नाही. फरक पडला तो दूरध्वनीवर. जे अधिकारी पूर्वी आमचे निरोप परत करत नसत, ते बोलू लागले, आणि एखादा लेख थांबवण्यासाठी जाहिरात विभागाकडून दबाव आला की संपादकांचे ‘नाही’ थोडे अधिक वजनदार ठरू लागले. कनिष्ठ उपसंपादकांना पुढची नोकरी मिळवताना अर्जातल्या पुरस्काराच्या ओळीचा उपयोग झाला; दोघे वर्षभरातच सोडून गेले, हाही पुरस्काराचाच परिणाम म्हणायचा.

अनेक ठिकाणी प्रत्येक प्रवेशिकेमागे शुल्क असते, म्हणून पाच गटांत नशीब अजमावण्यापेक्षा एकच सकस काम निवडावे, आणि अर्जातल्या जागा संपल्या तर आयोजकांना पत्र लिहून वाढीव नावे कोरून मिळतील का, हे निकालापूर्वी विचारून घ्यावे.